शनिवारची सुई

"तुम्ही शब्द फिरवला, साहेब." पिंजऱ्यापाशी उकिडवा बसलेला लालासाब मागं न वळताच म्हणाला.

कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात ही प्रयोगशाळा. इथं माकडांना मलेरिया देतात आणि मग औषध देऊन बघतात. खाणं, झाडलोट लालासाबकडं. शनिवारी रक्त काढताना माकड धरायचं तेही त्याच्याच गळ्यात. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी बाकीचे गडी माकडाला हात लावत नाहीत.

"बाळासो, तुझा मारुती रविवारी सुट्टीवर आसतोय व्हय रं?" तो विचारायचा.

"तू धर की गप," बाळासो दारातनंच म्हणायचा.

चिंगी नावाच्या माकडिणीला मात्र धरावं लागत नसे. लालासाबनं शेंगेची मूठ दाखवली की ती आपणहून गजातून हात बाहेर काढायची. सुई झाली की शेंग. त्यानंच तिला शिकवलेलं. साहेबांनी पाहुणे आणून ते दाखवलं, फोटो काढले. तो फोटो ऑफिसात अजून टांगलेला आहे. त्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, हिचं रक्त साफ निघालं की हिला प्राण्यांच्या आश्रमात सोडू.

रक्त साफ निघालं.

"वरून आदेश आहे," साहेब म्हणाले. "जंतू लिव्हरमध्ये दडून राहतात. उघडल्याशिवाय कळत नाही."

"माझी पोरगी हुस्ना बी मलेरियातनंच उठली. तिचं लिव्हर कुणी उघडून बघितलं न्हाय."

"ज्या गोळ्यांनी उठली, त्या आधी अशाच माकडांवर तपासलेल्या, लालासाब."

साहेब खोटं बोलत नव्हते. लालासाब मुठीतली शेंग चाचपत राहिला.

"आसंल," तो म्हणाला. "पर त्या माकडांना कुणी शब्द दिला नव्हता. हिला तुम्ही दिलाय."

सुई भरून तयार होती. आज तिच्यात झोपेचं औषध होतं, ज्यातनं पुन्हा उठणं नाही असं. दारात बाळासो टोपी काढून उभा होता.

"मूठ दाखव तिला," साहेब म्हणाले.

"आदी सांगा. ती बरी झाली का न्हाय?"

लालासाबनं मूठ पाठीमागं धरली होती. तरी तो नेहमीच्या जागी बसलेला बघून चिंगीनं हात गजातून बाहेर काढून ठेवला.

"बोला की साहेब. बरी झाली का न्हाय?"