माझा सहावा पाय

मित्रांनो, मी गाडीच्या टपावरचा एक जुना कॅरिअर आहे. कारखान्यातून खोक्यात बसून आलेला नव्हे, घरी जमवलेला. त्याआधी मी एका लोखंडी खाटेचा सांगाडा होतो आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गंजत पडलो होतो. मला कुणी हात लावेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण आत्याला घरी आणायचे ठरले आणि माझे दिवस फिरले.

आत्या म्हणजे आमच्या मालकांची, दादांची आत्या. ती दूरच्या गावी एकटी राहायची आणि चाळीस वर्षे एकाच मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. तिच्या कमरेचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, आडवे झोपवूनच न्या. दादांची गाडी मोठी आणि उंच होती, सीट पाडून आत्या आत मावणार होती. पण तिने फोनवर एकच अट घातली. "मशीन येणार असेल तर मी येते. नाहीतर मी आहे तिथे बरी."

आता मशीन, तिचा लोखंडी स्टँड आणि चाकांची खुर्ची ठेवायची कुठे? टपावर. तयार कॅरिअरची किंमत विचारायला दादा दुकानात गेले आणि नुसते पाणी पिऊन परत आले. त्या संध्याकाळी ते गच्चीवर चढले. त्यांनी मला उभे केले, आडवे केले, सुतळीने मापले आणि म्हणाले, "जमतंय की!"

माझे पाइप कापले गेले. जाळीसाठी भंगारातल्या पट्ट्या आल्या. पायाखाली घालायला सायकलची जुनी ट्यूब कापली, म्हणजे टपाला ओरखडा नको. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातून डोकावून म्हणाले, "अरे, हा कॅरिअर आहे की खाट? पाहुण्यांना वरच झोपवणार का?"

"तुम्हीच या काका पहिले," दादा म्हणाले. सगळे हसले. मलाही फार बरे वाटले.

मला सहा पाय होते, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. टपाच्या कडेला पाणी वाहून जायची पन्हळ असते, ती या पायांनी घट्ट धरायची. वेल्डरने आधी पायांना नुसते टाके मारले आणि बजावले, "हे फक्त माप बघायला. बरोबर बसलं की परत आणा, मग पक्कं करतो. टाक्यावर ओझं टाकू नका हं." माप बरोबर बसले. दादा मला परत घेऊन गेले. पाच पाय पक्के झाले आणि वीज गेली. तासभर वाट पाहिली, पण ती आली नाही.

"उद्या या," वेल्डर म्हणाला.

पण उद्या तर निघायचे होते. दादांना सुट्टी एकाच दिवसाची. त्यांनी मला घरी आणले, टाक्याच्या फटीत लांबी, म्हणजे रंगाआधी खाचा बुजवायचा लगदा भरला, घासून सारखा केला आणि मला वरून खालपर्यंत काळा रंग दिला. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने विचारले, "झालं का सगळं पक्कं?"

दादा रंगाचा ब्रश धूत होते. मान वर न करता ते म्हणाले, "झालं."

मित्रांनो, झाले नव्हते. सहाही पाय सारखेच काळेभोर आणि देखणे दिसत होते. त्यातला एक खोटा आहे हे दादांना ठाऊक होते आणि मला ठाऊक होते.

जाताना मी रिकामाच होतो, म्हणून निभावले. येताना मात्र मशीन चढली, स्टँड चढला, खुर्ची चढली. दादांनी दोर तीन वेळा आवळला. आत्या आत उताणी झोपली होती, वहिनी पुढे बसून ओठातल्या ओठात नाम घेत होत्या. गाडीने वेग घेतला आणि माझा डावा मागचा पाय कुरकुरू लागला. प्रत्येक खड्ड्याला तो केसभर उचलला जायचा आणि परत टेकायचा. मागून एक स्कूटर येत होती. चालवणाऱ्याच्या मागे बाई आणि तिच्या मांडीवर टोपडे घातलेले बाळ. आमच्या गाडीच्या सावलीत ऊन लागत नाही म्हणून ती अगदी जवळून चालली होती.

मी लोखंड. मला ना हात जोडता येतात, ना हाक मारता येते. तरी म्हटले, देवा, मी पडलो तर पडलो, पण त्या बाळावर नको.

"बाळ्या, वर काहीतरी वाजतंय," आत्या म्हणाली.

"वारा आहे गं, आत्या."

थोड्या वेळाने पुन्हा, "अरे, कट कट करतंय."

"दोर असेल. तू झोप बघू."

"मला शिकवू नकोस! चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकलाय. हा सुटलेल्या लोखंडाचा आहे. थांबव गाडी."

 थांबायचे म्हणजे सांगावे लागणार होते. दादा आणखी थोडे पुढे गेले. तेवढ्यात एक मोठा खड्डा आला, मी एका बाजूला कललो आणि वहिनी ओरडल्या, "अहो!"

मग त्यांनी हळूहळू गाडी कडेला घेतली. स्कूटर बाजूने पुढे गेली. वाट दिली म्हणून त्या माणसाने हात हलवला. दादा त्याच्याकडे बघतच राहिले, मग गाडीतून खाली उतरले.

"एक पाय पक्का झाला नव्हता," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"कुठला?" वहिनींनी विचारले.

दादा एकेक पाय चाचपू लागले. पण रंगाने त्यांनाही फसवले होते. अखेर वहिनींनी पदराने धूळ पुसत पुसत डाव्या मागच्या पायाशी बोट टेकवले. रंगावर एक बारीक रेघ उमटली होती. बोटाने दाबले तर पाय हलला.

वहिनी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर आपण एक दिवस उशिरा निघालो असतो." ते बोलणे मला हातोड्यापेक्षा जड वाटले.

पुढे पंक्चरवाल्याचे दुकान होते. मशीन तिथे ठेवावी लागणार, पण आत्याला हे कोण सांगणार? आतून तिनेच विचारले, "ठेवायला जागा कोरडी आहे ना रे?" सगळे ओझे तिथे उतरवून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी वेल्डरने रंग खरवडला, आतली लांबी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो साहेब, रंगानं लोखंड जोडलं जातं का?"

पाय पक्का झाला आणि मशीन तीन दिवसांनी माझ्यावर बसून आली. ते तीन दिवस आत्याने खाटेवरून खिडकीकडे तोंड करून काढले.

मित्रांनो, आज मी म्हातारा झालो आहे. माझ्या पट्ट्या वाकल्या, ट्यूब विरली. त्या पायाला मात्र दादांनी पुन्हा रंग दिला नाही, ते त्याला नुसता तेलाचा हात फिरवतात, म्हणजे सांधा उघडा दिसतो. तरी ओझे चढले की मला अजून धाकधूक वाटते. माझे मागणे एवढेच आहे. काम अर्धे राहिले तर खुशाल राहू द्या, पण ते झाकू नका. सांगून टाका. आपल्यामागून कोण येत आहे आणि त्याच्या मांडीवर काय आहे, हे पुढे बघून चालणाऱ्याला दिसत नाही.