शोभाचे खुरपे

माझ्या पात्याची धार आता बोथट झाली आहे, मूठ एका बाजूने फुटली आहे. बाजारात नेलेत तर मला कुणी विकत घेणार नाही. मी एक जुने खुरपे आहे, मित्रांनो. मुक्काम गौलीगुडा, हैदराबाद.

माझा जन्म मात्र नांदेडकडच्या एका खेड्यातला. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लोहाराने भट्टीत लाल केली, ऐरणीवर ठोकून वाकवली आणि तिला बाभळीची मूठ बसवली. ज्वारीच्या रानात बाया ओळीने बसायच्या. एकेकीच्या वाट्याला रानाची एकेक पट्टी, म्हणजे पात, यायची. तण काढता काढता गाणे सुरू व्हायचे:

पात माझी लांब गं, ऊन आलं माथ्यावर
हात चाले सरासरा, जीव माझा तान्ह्यावर

त्या ओळीत सर्वांत लहान होती शोभा. तिची आई सांगे, "रोपाला धक्का लागू देऊ नको, गवताचं मूळ ठेवू नको." पुढे शोभाचे लग्न झाले. नवरा, अप्पाराव, हैदराबादेत कोठीला बँकेत नोकरीला. निघताना आईने मला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या ट्रंकेत ठेवले. शहरात रान नव्हते. मी गॅसच्या सिलिंडरमागे पडून राहिलो, वर्षाकाठी एखादा नारळ सोलायला बाहेर निघालो. अंगावर गंज चढला.

मग शहर भराभर पालटू लागले. गल्लीवरून केबलच्या तारा गेल्या, कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली. आमचे भाड्याचे जुने घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली, तिच्यातच पहिल्या मजल्यावर आम्ही राहायला लागलो. वरच्या मजल्यावर पुण्याचे कुटुंब राहायला आले. साहेब कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांची बायको मेधाताई मोठी उत्साही बाई. इमारतीमागे मोकळी जागा बघून तिने मुले गोळा केली. तिचा चिन्मय, शोभाची राणी, समोरची नसीम. दर रविवारी मुलांची बाग. चिन्मयचे लाल-निळे प्लॅस्टिकचे फावडे पहिल्याच ढेकळाला मोडले. तेव्हा राणी धावत घरी गेली आणि मला घेऊन आली.

मेधाताईने मला हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "किती छान घडवलंय! कुणाचं हो हे, शोभाताई?"

तिच्या आवाजात कौतुकच होते. मी पात्यापासून मुठीपर्यंत फुलून आलो. पण शोभाने एकवार मेधाताईच्या घड्याळाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हात पदराखाली घेतले.

"आमच्याकडे पूर्वी एक माळी यायचा. त्याचं राहिलंय," ती म्हणाली.

लोखंडाला लाल व्हायला भट्टी लागते म्हणतात. मी त्या दिवशी भट्टीशिवाय लाल झालो. पण शोभा माझ्याहून लाल झाली होती.

मेधाताई खूश झाली. "मग बोलवा ना त्यांना एखाद्या रविवारी. मेथी कुठली नि गवत कुठलं, या पोरांना कळत नाही. खरं सांगू, मलाही नाही."

"सांगून बघते," शोभा म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

मुले वाट बघू लागली. "माली साब कब आते जी?" नसीम रोज विचारी. राणीचा भाव वधारला. तिने माळ्याला झुपकेदार मिशा दिल्या, डोक्यावर लाल पागोटे बांधले. तिकडे वाफ्यात मात्र गवत माजले. मुले उत्साहाने गवत उपटायला गेली आणि मेथीच उपटून बसली. नसीम मातीत फतकल मारून रडली. उरलेल्या रोपांचाही जीव गुदमरत होता. शोभा खिडकीतून बघत राही. अर्ध्या तासाचे काम होते तिचे. पण खाली बसून खुरपणार कशी? बसण्याच्या पद्धतीवरूनच कुणीही ओळखले असते की हा हात शिकलेला आहे.

अखेर एका पहाटे ती मला घेऊन खाली आली. इतक्या वर्षांनी तिच्या मुठीत आलो, पण चोरासारखा. वाफा साफ झाला. सकाळी मुलांनी एकच गलका केला. "माळीदादा येऊन गेले!"

पुढच्या खेपेला वाफ्याच्या कडेला बदामाच्या पानावर दोन उस्मानिया बिस्किटे होती. मुंग्या लागू नयेत म्हणून वर वाटी पालथी घातलेली. माळीदादांसाठी. शोभा ती हातात घेऊन बसून राहिली. खाता येईनात, टाकता येईनात.

"आई?"

जिन्यात राणी उभी होती, झोपेतून उठून आलेली. तिने आईचे मातीचे हात पाहिले, मला पाहिले. तिला सगळे कळले. पण मित्रांनो, ती आईच्या गळ्यात पडली नाही. तिने घाबरून वरच्या खिडकीकडे पाहिले.

"आई, ऊठ ना. चिन्मय दूध आणायला खाली येईल."

"येऊ दे की."

"तो म्हणेल, राणीची आई माळीण आहे. ऊठ लवकर."

शोभाचा हात माझ्या मुठीवर थिजला. ही लाज राणी जन्माला येताना घेऊन आली नव्हती. आईनेच ती तिला घातली होती, झगा मापाने शिवून घालावा तशी.

शोभा उठली नाही. तिने गवताचे पुढचे मूळ धरले. मेधाताई आणि चिन्मय दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

"मेधाताई, माळी कुणी नव्हताच," ती मान खाली घालून म्हणाली. एरवी मेधाताईसमोर ती इस्त्री केल्यासारखी बोले. आज इस्त्री उतरली. "खुरपं माझं हाय. माझ्या आईनं दिलेलं. लाज वाटली, म्हणून खोटं बोलले."

मेधाताईने दुधाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला काय वाटेल असं वाटलं तुम्हाला?"

"तेच तर ठाऊक नव्हतं."

"आणि मिशा?" चिन्मयने विचारले. "राणी म्हणाली होती, मिशा आहेत."

राणी रडत जिना चढून गेली. आठवडाभर ती बागेत फिरकली नाही. शोभाने तिला बोलावले नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार? रविवारी शोभा मुलांना घेऊन वाफ्यात बसली आणि पुन्हा पुन्हा जिन्याकडे बघत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी राणी आली. वाफ्याच्या टोकाला, जरा लांबच बसली. चिन्मय एक हिरवा कोंब उपटायला गेला.

"थांब," राणी म्हणाली. मग मातीकडेच बघत, हळू आवाजात, "माझ्या आईला विचार. तिला कळतं."

शोभाने तोंड फिरवले आणि पदराने नाक पुसले. चिन्मयने विचारले. तो कोंब मेथीचाच होता.

मित्रांनो, काम झाले की खुरपे धुऊन, पुसून, कोरडे ठेवा. आमच्यावरचा गंज विटकरीने घासला की जातो. तुमच्या घरात कुणी शेणात, मातीत, चुलीपाशी हात घातले असतील, तर ते चारचौघांत सांगा. आणि लवकर सांगा, नाहीतर तुमच्यामागे येणारे लेकरू ते लपवायला शिकते. शोभा मला पुसून ठेवताना अजूनही माझ्याकडे नीट बघत नाही. माझा राग केव्हाच गेला आहे, पण हे तिला कसे सांगावे, मला कळत नाही.