अर्ध्या टक्क्याची बाटली

आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं, पण आजही हाताला तेल लागलं की मला ते गॅरेजवाले मिस्त्री आठवतात.

त्यांची उजवा अंगठा वाकवणारी शीर तुटली होती. जोडली नसती तर पुन्हा पाना धरता आला नसता. दम्यामुळे पूर्ण भूल धोक्याची, म्हणून मी फक्त हात बधिर करणार होते. पण मिस्त्री तयार होईनात. आधी दुसरीकडे टाके घालता घालताच औषध उतरलं होतं आणि ते टेबलावरून उठून पळाले होते.

"तिथल्या बाटलीवर दोन टक्के होतं," सुटे भाग पारखतात तशी माझी बाटली पारखत ते म्हणाले. "हिच्यावर अर्धा. डॉक्टरीणबाई, पाणी घालून वाढताय की काय?"

"अहो, गप पडा ना," त्यांची बायको दारातून म्हणाली. "गिऱ्हाईक असं तुमच्या डोक्यावर बसलं तर चालतं का?"

"गिऱ्हाइकाला दुखत नाही."

मी विचारलं, "मिस्त्री, ग्रीसचे हात कशाने धुता?"

"रॉकेलने."

"बादलीभर पाण्याने का नाही?"

"पाणी नुसतं वरून ओघळतं. रॉकेल चमचाभर पुरतं."

"दुखणं पोचवणाऱ्या नसांनाही चरबीचं वेष्टन असतं. तुमचं आधीचं औषध चरबीत फारसं विरघळत नाही, म्हणून जास्त लागतं. हे चांगलं विरघळतं, आत शिरतं. थोडं पुरतं आणि टिकतंही."

"मग दोन टक्केच भरा की."

"जोर आहे त्याला. जास्त झालं तर हृदयाला भोवेल. आणि लागायला जरा वेळ घेतं, लगेच हाकाटी करू नका."

ते आडवे झाले. सुई टोचल्यावर डोळे मिटून वाट पाहत राहिले. मग मी बोटाला चिमटा घेतला.

"घ्या की चिमटा," ते म्हणाले.

"घेतला."

शीर जोडली गेली. संध्याकाळी मात्र मिस्त्री काळजीत पडले. हात अजून लाकडासारखा. "बाई, जरा जास्तच मुरलं वाटतं. अंगठा परत येईल ना?"

"येईल."

रात्रीच्या फेरीला बायको मला व्हरांड्यातच भेटली. "चला लवकर. कळवळतायत, आणि हसतायतसुद्धा."

खाटेवर मिस्त्री बँडेजमधल्या अंगठ्याकडे टक लावून बसले होते. "ठणकतोय," ते म्हणाले.

"गोळी देते."

"थांबा थोडं. आत्ताच तर आलाय."