खाकीचं सूत

“अगं ऊठ की! गाडी आली, ऊठ!”

कान्हे गावच्या रेल्वे फाटकावर गेटमन शिदू गळा फाडून ओरडत होता आणि रुळांच्या मधोमध चिंगी पालथी पडली होती. पाटी छातीखाली, दोन्ही हात डोक्यावर. तो जितका ओरडे तितकी ती खडीला जास्तच चिकटे. लोणावळ्याच्या बाजूने मालगाडीची शिट्टी झाली, तसं शिदूने धावत जाऊन पोरीला उचललं आणि पलीकडे नेलं. त्याच्या हातांत ती लाकडासारखी ताठ झाली, आणि भीतीने तिने त्याच्या अंगावरच केलं. गाडी धडधडत गेली. गार्डाला हिरवं निशाण दाखवत, ओल्या सदऱ्याने उभ्या असलेल्या शिदूला रडावं की ओरडावं ते कळेना.

मान वळवली तर पोर पळून गेलेली.

“रोजचाच ताप झालाय निस्ता!” तो म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

त्याचा राग काही उगाच नव्हता. फाटक लावलं की बैलगाडीवाले नेमके तेव्हाच उगवत आणि ‘जरा उघड की’ म्हणत. म्हशी रुळावर फतकल मारत. वरचा साहेब ट्रॉलीत बसून कधीही टपके. त्यात आता ही कातकरवाडीतली पोर. शाळेला जायचं तर फाटक ओलांडावंच लागे, आणि फाटकावर खाकीतला शिदू दिसला की ती असेल तिथे पालथी पडे. पावसाळ्यापासून तिने कुणाशी शब्दही काढला नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका बड्या घरची तांब्याची भांडी गेली आणि कुणीतरी कातकऱ्यांचं नाव घेतलं. पहाटे पोलीस वाडीवर आले. चिंगीच्या बापाला, गोविंदाला, त्यांनी खोपटातून ओढून काढलं आणि पोरीच्या डोळ्यांदेखत बुटांनी तुडवलं. भांडी पुढे मालकाच्याच मेहुण्याकडे सापडली. गोविंदा लंगडत परत आला. त्याची कुणी माफी मागितली नाही. ती मागायची असते हेसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही.

हे सगळं खरं, पण त्यात माझा काय गुन्हा, असं शिदूला वाटे. त्या खाकीवर त्याचा जीव होता. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. ‘ए शिद्या, लांबनं जा’ हे ऐकत, अंग चोरून चालत तो मोठा झाला. मग रेल्वेत लागला, खाकी चढवली, आणि तीच माणसं त्याच्या फाटकापाशी गाड्या थांबवून मुकाट उभी राहू लागली. सदरा तो बायकोलाही धुऊ देत नसे. तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करी. त्या सदऱ्याला बघून एखादं लेकरू थरथर कापतं, हे त्याच्या काळजाला लागलं होतं. तोंडावाटे मात्र राग तेवढा बाहेर पडे.

दुपारी चिंगीची आजी, बायडाबाई, आली आणि फाटकाच्या खोलीपासून चांगली लांब उकिडवी बसली.

“भाऊ, एक मागायचं हाय.”

“आदी नातीला आवर, मावशे. उद्या गाडीखाली गेली तर कुणाच्या नावानं बोंब मारशील?”

“त्याच्याचसाटी आले. तुमच्या सदऱ्याचं सूत द्या जरासं.”

“काय?”

कातकरवाडीत तशी रीत होती. पोर ज्याला भ्यालं, त्याच्या अंगावरचं थोडं आणायचं. कुत्र्याला भ्यालं तर कुत्र्याचे केस, म्हशीला भ्यालं तर म्हशीचे. ते विस्तवावर टाकून पोराला धुरी द्यायची आणि पोर एकटं पडू नये म्हणून सगळ्या वाडीने भोवती बसायचं. ज्याला भ्यालं तो स्वतः येऊन बसला, तर फारच चांगलं.

शिदूचं डोकंच फिरलं. “म्हंजी मी कुत्रं का म्हस? सरकारी सदरा हाय ह्यो! आन् मी मारलं का तिच्या बापाला? ज्यांनी मारलं त्यांच्या सदऱ्याचं सूत आना जावा!”

“त्यांच्याकडं कसं जायाचं, भाऊ?” म्हातारी म्हणाली. “मागावं असं तुमीच तेवढं.”

शिदू आणखी चिडला आणि तिला त्याने वाटेला लावलं.

ती जाते न जाते तोच हनुमंतची बैलगाडी आली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना हनुमंतची शेतं होती, त्यामुळे फाटकही आपलंच असं तो धरून चाले.

“काय म्हनत हुती म्हातारी? शिदू, कशाला डोक्याला ताप? कातकऱ्यास्नी हितनं येऊच दिऊ नगं. वड्यानं, रुळाखालच्या मोरीतनं जातील की. त्यांची वाटच ती.”

सकाळी शिदूच्या मनात अगदी हेच आलं होतं. पण हनुमंतच्या तोंडून ऐकल्यावर ते त्याला सोसवेना. त्या मोरीखालच्या चिखलातून लहानपणी तो स्वतः गेला होता, याच हनुमंतच्या बापाने वरून हाकललं म्हणून.

“त्या मोरीतनं मी लय गेलोय, हनुमंतराव,” तो म्हणाला. “फाटक समद्यांचं हाय. गाडी काढा फुडं, खोळंबा नगं.”

संध्याकाळी घरी आल्यावर त्याची आदळआपट चालूच होती. भाकरी करपली, पाणी गार नाही, दार करकरतं. सावित्राबाईने, त्याच्या बायकोने, बराच वेळ ऐकून घेतलं.

“अवं, तिनं सूत मागितलंय. जीव न्हाई.”

“आन् शिवण उसवली, सायबानं बघितलं तर?”

“सांगा, उंदरानं खाल्ली.”

शिदू ताडकन उठला आणि चरफडत कातकरवाडीवर गेला.

वाडीतली सगळी माणसं विस्तवाभोवती जमली. गोविंदा त्याच्याकडे न बघता जरा सरकला आणि त्याने शिदूला जागा करून दिली. बायडाबाईने सदऱ्याच्या खालच्या घेराचा दोरा सुईने सोडवला आणि ओढला. वीतभर शिवण उसवली. शिदूने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात एका बाईने ॲल्युमिनियमच्या भांड्यातून पाणी पुढे केलं.

शिदूच्या वस्तीत कातकऱ्याच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. शिदूनेही कधी घेतलं नव्हतं. का घेत नाही, हे त्याने स्वतःला विचारलंही नव्हतं. हात पुढे होईना. समोरच्या बाईने ते ओळखलं, आणि ती भांडं मागे घेऊ लागली. ते मागे जाणारं भांडं शिदूच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्याला स्वतःचा असा संताप आला की त्याने भांडं जवळजवळ हिसकावलं आणि घटाघट रिकामं केलं.

सूत जळलं, धूर झाला. आजीच्या मांडीत खुपसलेलं तोंड चिंगीने एकदाही वर केलं नाही. सदरा वाया गेला, असं पुटपुटत शिदू घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी आली तेव्हा गाडीची वेळ नव्हती. शिदू जागच्या जागी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले. चिंगी थांबली. तिचे गुडघे वाकले. आता पडणार, असं वाटून शिदूच्या ओठांवर शिवी आली, ती त्याने कशीबशी गिळली. पण पोर पडली नाही. वाकूनच ती हळूहळू जवळ सरकली आणि उसवलेल्या शिवणीला तिने बोट लावलं.

“हितलं?”

“व्हय,” शिदू म्हणाला. “हितलंच.”

तिने रूळ ओलांडले.

एका धुरीने सगळं काही बरं झालं नाही. पुढेही एखाद्या दिवशी ती पालथी पडे. मग वाडीतल्या बाया पाळीपाळीने तिला फाटकापर्यंत सोडायला येऊ लागल्या. पाऊस असो, ऊन असो, चिंगी आधी सदऱ्याची ती जागा बघे आणि मगच पलीकडे जाई. ट्रॉलीतून आलेल्या साहेबाने एकदा लोंबती शिवण पाहिली आणि सगळ्यांसमोर शिदूला झापलं. “युनिफॉर्मची ही काय दशा? दोरा मिळत नाही घरात?” सगळ्या नोकरीत त्याच्या कपड्यांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. “व्हय सायेब,” एवढंच तो म्हणाला, आणि शिवण तशीच राहिली.

दिवाळीनंतर नवा खाकी सदरा आला. कडक, करकरीत, गिरणीच्या वासाचा. शिदूने तो दोनदा घडी करून ठेवला, दोनदा काढून बघितला. सकाळी निखाऱ्यांचा तांब्या फिरवून त्याने बाह्यांना धारदार घड्या पाडल्या आणि सदरा घेऊन उंबऱ्यावर बसला.

“पोरीनं निस्ता ताप दिलाय डोक्याला,” तो पुटपुटला.

मग त्याने सदऱ्याचा घेर उलटा केला, दोऱ्याचं टोक दातांत धरलं, आणि वीतभर शिवण स्वतःच ओढून काढली.