नाल्याच्या अलीकडून

दुधरामने त्या दिवशी पायातले बूट काढले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण बूट नवे होते, त्यातून लेसचे. गोंदियाला नर्सिंग शिकणाऱ्या त्याच्या पोरीने, दामिनीने, झेंडावंदनाला घालायला म्हणून ते आणले होते. कोसमबोडी ग्रामपंचायतीची बावीस वर्षांची चपराशीगिरी दुधरामने प्लास्टिकच्या चपलांवर काढली होती. चपलांचं काय, हातात घ्यायच्या आणि नाला ओलांडायचा. लेसच्या बुटांचं तसं नाही. खाली बसा, गाठी सोडा, मोजे काढा, पलीकडे जाऊन ओले पाय पुसा, पुन्हा सगळं बांधा, आणि परत येताना पुन्हा तोच सोहळा. दुधराम काही आळशी माणूस नव्हता. पण आळसाला एकदा निमित्त सापडलं की तो शहाण्यासारखा बोलू लागतो.

काम मुनादीचं, म्हणजे दवंडीचं होतं. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती. गंमत अशी की त्या दिवशी नाल्यापलीकडचा टोला झाडून आला होता. त्या वस्तीच्या चाळीस घरांतली माणसं, बाया, कडेवरची लेकरं, सगळी. आली नव्हती ती कोसमबोडीच. झेंडा झाला, बुंदी वाटून झाली आणि गाव आपापल्या घरी गेलं. टोल्यातली माणसं दुपारपर्यंत शाळेच्या पटांगणात बसून राहिली, मग उठून गेली.

तहकूब सभा अठ्ठावीस तारखेला ठरली. अशा सभेला कोरम लागत नाही, जितके येतील तितक्यांत ठराव होतो. म्हणून तारीख सगळ्यांना कळायला हवी. गावात ती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. टोल्यात टॉवर लागत नाही. तिथे दुधराम आणि त्याचा बॅटरीवरचा भोंगा, हेच व्हॉट्सअ‍ॅप.

विषय एकच होता, पण मोठा होता. पंचायतीच्या निधीतून या वर्षी एकच काम होणार होतं. नाल्यावर रपटा, म्हणजे खाली पाइप टाकून वरून सिमेंट केलेला बुटका पूल, की गावात चौकापासून मंदिरापर्यंत सिमेंटचा रस्ता? रपट्याची मागणी टोला आठ वर्षांपासून करत होता. पावसाळ्याचे चार महिने टोल्याचं रेशन डोक्यावरून जायचं, आजारी माणूस खाटेवरून यायचा. गावाच्या रस्त्यावर मात्र फारतर चिखल व्हायचा. कोणाची गरज मोठी हे सांगायला ग्रामसेवकाची परीक्षा पास व्हावी लागत नाही.

तर त्या दिवशी दुधराम नाल्याच्या काठाशी उभा राहिला. पाणी गुडघाभर. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे पाहिलं, आणि भोंगा तोंडाला लावून अलीकडूनच तीनदा ओरडला. पलीकडे अर्धा किलोमीटर सागवान, त्यापुढे टोला, आणि वारा नेमका तिकडून इकडे. एक बगळा तेवढा उडाला. दुधराम परत फिरला, पानठेल्यावर बसलेल्या दोघांच्या पंच म्हणून मुनादी रजिस्टरवर सह्या घेतल्या आणि वर आपल्या हाताने लिहिलं, ‘गाव व टोला येथे मुनादी दिली.’

अठ्ठावीसला सभेत साठ-सत्तर माणसं होती. टोल्यातलं एकही नव्हतं.

सरपंच प्रेमिलाताई बाई सरळ होत्या. विषय सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, “टोल्यातले काऊन नाही आले? मुनादी देल्ली होती का गा, दुधराम?”

दुधराम चहाचा ट्रे घेऊन उभा होता. “देल्ली ना बाई,” तो म्हणाला.

मागून कोणीतरी बोललं, “त्याईले गरज नसंल तं आपण कायले थांबाचं?” हात वर झाले, ग्रामसेवकाने मोजले, सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. टोला आला असता तर ठराव उलटा झाला असता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दुधरामला सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्याने चहा न वाटताच ट्रे टेबलावर ठेवला.

मी ओरडलो तर होतो, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. दोन दिवस ते पुरलं. तिसऱ्या दिवशी दुर्पता आली.

दुर्पता टोल्यातली सगळ्यांत म्हातारी बाई. दुधराम मुनादी घेऊन टोल्यात गेला की पहिलं पाणी तिच्या घरी प्यायचा, बावीस वर्षं. त्या दिवशी ती निराधार योजनेसाठी हयातीचा दाखला घ्यायला आली होती. कमरेपर्यंत भिजलेली. दारातच तिने लुगड्याचा ओचा पिळला, पायरीवर पाणी सांडलं म्हणून ते पायानेच पुसायला लागली.

“राहू दे, माय,” दुधराम म्हणाला.

“तुले राग आला असंल, बाबू,” ती म्हणाली. “तू येऊन मुनादी देल्ली असशील न आमच्या टोल्याचे माणसं सभेले आलेच नाही. आमी समदे धानाचा परहा लावाले गेलो होतो. मले तं आता कानानंबी कमी येते. आपली गोष्ट आपणच बुडवलो.”

समोरची बाई पुढच्या पावसाळ्यातही अशीच भिजणार होती ती त्याच्यामुळे, आणि माफी तीच मागत होती. त्याला तिथल्या तिथे पाय धरावेसे वाटले. त्याऐवजी त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“दामिनी कशी आहे?” तिने विचारलं.

“शेवटचं साल आहे, माय.”

“शिकव तिले. पोरगी नर्स झाली म्हणजे आमच्या टोल्यातबी येईल सुई लावाले.”

तो नुसता हसला. लोक म्हणतात पाप डोक्यावर चढून बोलतं. दुधरामच्या पापाचा तसला काही थाट नव्हता. ते जेवताना घासाबरोबर यायचं. घास तोंडात घेतला की पायरीवरचं पाणी पुसणारा म्हातारा पाय दिसायचा आणि घास फिरत राहायचा. बायकोने विचारलं, भाजी बिघडली का? तो म्हणाला, हो. बिचाऱ्या भाजीवर आळ घेऊन तो ताटावरून उठला.

दुर्पताने दोष स्वतःकडे घेतला, पण सगळा टोला काही तेवढा भोळा नव्हता. टोल्याच्या वतीने बोलणारा पुनाराम घरोघर विचारत फिरला. मुनादी एकानेही ऐकली नव्हती. त्याने पंचायत समितीत अर्ज दिला की टोल्यात मुनादी झालीच नाही, सबब ठराव रद्द करावा. चौकशीला विस्तार अधिकारी येणार असं पत्र आलं. ग्रामसेवकाने दुधरामला आत बोलावून दार लोटून घेतलं.

“रजिस्टरवर नोंद आहे, पंचांच्या सह्या आहेत. तू फक्त गेलो होतो म्हण. नाही म्हणशील तर खोटी नोंद होते. नोकरी जाते. कळलं?”

“कळलं, साहेब.”

“आणि गेला होतास ना?”

उत्तराची वाट न पाहता ग्रामसेवकाने घाईघाईने दुसरीच फाइल उघडली. ज्याला उत्तर नको असतं तो असाच प्रश्न विचारतो.

चौकशीच्या दिवशी सकाळी दुधरामने मनाशी पक्कं केलं की खरं सांगायचं. अंघोळ करताना त्याने वाक्यसुद्धा घोळवून ठेवलं. पण ग्रामपंचायतीच्या सभागृहात शिरला, भिंतीशी उभा राहिला आणि त्याच्या निश्चयाला एक पळवाट दिसली. साहेबांनी आधी टोल्यातल्या लोकांना विचारायचं ठरवलं होतं. टोल्यातल्या पाच-सहा जणांनी नाही म्हटलं की साहेबच समजून घेतील, ठराव रद्द होईल, रपटाही होईल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. एकाकडून ऐकण्यात चूक झाली असेल, दुसऱ्याकडून सांगण्यात, असं काहीतरी मोघम लिहिलं जाईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. बघू या काय होतं, असं म्हणून तो थांबला. त्याचं हे थांबणं त्या न काढलेल्या बुटांपेक्षा वाईट होतं, पण हे त्याला नंतर कळलं.

विस्तार अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. “मुनादी झाली नसेल तर ठराव रद्द आणि सभा पुन्हा. झाली असेल तर ठराव कायम. तेवढंच मला पाहायचं आहे. बोला.”

पुनाराम उठला. “नाही झाली, साहेब. एकाच्याबी कानावर नाही आली.” त्याच्यामागून आणखी तिघे तेच बोलले.

“हे तर असं म्हणणारच, सर,” ग्रामसेवक म्हणाला आणि त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. साहेबांनी नोंद वाचली, सह्या पाहिल्या, पानावर बोट ठेवून विचार केला. मग टोल्याच्या बाजूला नजर फिरवली.

“तुमच्यात सगळ्यांत वडीलधारं कोण?”

लोकांनी दुर्पताला पुढे केलं. पुनारामने हसून तिच्या पाठीवर हात ठेवला. ही बोलली की संपलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

दुर्पता उभी राहिली. तिने साहेबांकडे पाहिलंच नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या दुधरामकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि त्या वेळात तिला सगळं कळलं. दुधरामलाही कळलं की तिला कळलं.

“आला होता,” ती म्हणाली. “मुनादी देल्ली. माझ्या घरी पानी पिला.”

पुनारामचा हात तिच्या पाठीवरून खाली आला. साहेबांनी हुश्श करून पेन उचललं. त्यांना संध्याकाळच्या आत आणखी एका गावाला जायचं होतं. चार ओळी लिहून झाल्यावर त्यांनी सहज, रीत म्हणून विचारलं, “शिपाई कोण? तुम्ही? बाई म्हणतात ते बरोबर आहे ना?”

होय म्हणणं किती सोपं होतं. होय म्हणायचीही गरज नव्हती, मान हलवली असती तरी भागलं असतं. दुधरामने टोल्याच्या माणसांकडे पाहिलं. ती आता त्याच्याकडे पाहत नव्हती, सगळी दुर्पताकडे पाहत होती.

“नाही, साहेब,” तो म्हणाला. “मी टोल्यात गेलोच नाही. नाल्याच्या अलीकडूनच बोंबललो न वापस आलो. नवे बूट होते पायात, ते काढाचा कंटाळा आला. नोंद मीच खोटी लिहिलो. पंचाईच्या सह्या पानठेल्यावर घेतलो.”

मागे कोणीतरी बुटांच्या गोष्टीला फिसकन हसलं. प्रेमिलाताईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी लिहिलेल्या चार ओळींवर काट मारली आणि दुर्पताकडे वळले.

“म्हणजे बाई, तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात?”

दुधराम घाईने म्हणाला, “तिची काही चूक नाही, साहेब.” पण साहेब लिहीत होते, आणि लिहिताना मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. सदर शिपायाने खोटी नोंद केल्याचे कबूल केले. सदर महिलेने दिलेला जबाब खोटा असल्याचे निष्पन्न झाले. ठराव रद्द करण्याची शिफारस. शिपायास कारणे दाखवा नोटीस.

म्हणजे टोला जिंकला होता. सभा पुन्हा होणार होती, आणि या खेपेला टोला नाला पोहूनसुद्धा आला असता. दुधरामला वाटलं होतं की खरं बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला, पण तो दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन पडला होता.

बाहेर पटांगणात टोल्याची माणसं जमली. हसत कोणीच नव्हतं. पुनाराम दुर्पतासमोर उभा होता.

“आठ साल झाले, आमी रपट्यासाठी अर्ज देऊन राहिलो. चाळीस घरं एकीकडं न तू चपराश्याच्या बाजूनं? काऊन, माय?”

“त्याची पोरगी शिकून राहिली,” ती म्हणाली. “रपट्याबिगर इतले साल काढलो. अजून एक काढलो असतो.”

“तू काढली असती. आमाले विचारलं का?”

एक तरुण सून तिची पिशवी धरून उभी होती, तिने ती पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्यामागून चालू लागली. एकेक करून सगळी नाल्याच्या वाटेला लागली. ज्या बाईला आजवर टोल्यात विचारल्याशिवाय लग्नाची तारीख ठरत नव्हती, ती पिशवी उचलायला एकटीच वाकली.

दुधराम धावत गेला आणि पिशवी त्याने आधी उचलली. “माय, मी तुले बट्टा लावलो. माझ्यापायी तू खोटी ठरली. मी नोकरीचं पाहत नाही आता, गेली तं गेली. पण तू मले माफ कर.”

दुर्पताने त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“बूट नाही काढले, त्याचं काही नाही, बाबू. माणसाले कंटाळा येते,” ती म्हणाली. “पण तू खरं सांगणारच होता, तं मी उठाच्या पयले सांगाचं होतं.”

मग ती टोल्याच्या माणसांमागे निघाली, पन्नास पावलं अंतर ठेवून.