येसूकाकीचा नॉमिनी

आमची सोसायटी मांडव्याच्या रस्त्याला. मी चेअरमन. शिकलोय काय न्हाय, जन्मभर ट्रक चालवला. पण आवाज मोठा, म्हणून मलाच बसवला खुर्चीत.

तळमजल्यावर येसूकाकी राहायची. बिल्डिंग उभी हाय ती तिच्याच शेतावर. बदल्यात हा फ्लॅट भेटला, आता तेवढीच तिची जमीन. थोरला लेक प्रज्योत पनवेलला. धाकटा वारला, त्याची बायको अमिषा काकीजवळच राहिली. काकीचं जेवण, गोळ्या, पायाची नखं कापणं, सगळं तीच बघायची.

एक दिवस काकी पदराखाली कागद घेऊन आली.

"तुका, माझ्यामागं ही खोली अमिषाची. नॉमिनी का काय म्हनतात ते लिवलंय. कुनाला कलनार न्हाय ना?"

"काकी, ऑफिसच्या कपाटाची चावी माझ्या कमरेला हाय."

"प्रज्योतला कललं तं ती पोर रस्त्यावर आनी मी पनवेलला."

"अगं, मेलो तरी सांगनार न्हाय."

मी न्हाय सांगितलं कुणाला. पण नॉमिनी आला की कमिटीच्या मिटिंगमध्ये नोंद करावी लागते. आमचा सेक्रेटरी गणराज, भारी हुशार माणूस. त्यानं मिटिंगमध्ये काय काय झालं ते सगळं छान टाईप केलं. पाण्याची टाकी, कुत्र्यांचा त्रास, आणि त्याच्याच खाली काकीचं नाव, अमिषाचं नाव. दिलं टाकून सोसायटीच्या ग्रुपवर!

"पारदर्शक कारभार, दादा," मला म्हणतो.

"पारदर्शक? उद्या तुझी चड्डी टाक ग्रुपवर! काढ ते!"

त्यानं काढलं. पण काकीकडं साधा फोन, म्हणून तिच्याऐवजी ग्रुपवर होता प्रज्योत. आणि त्यानं बघितलं होतं.

रविवारी गाडी घेऊन हजर.

"काका, आईला जरा हवापालटाला नेतो."

"मांडव्याची हवा सोडून पनवेलला?"

हसला नुसता. काकी पिशवी घेऊन गाडीत बसली. अमिषानं खिडकीतून गोळ्यांचा डबा आत दिला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी उगाच चावी चाचपत उभा.

त्यानंतर फोन लावला की प्रज्योतच उचलायचा. "आई झोपलीय." कधीपण लावा, झोपलेलीच.

मग नवा कागद आला. सही काकीची, नाव प्रज्योतचं. मी निरोप धाडला, काकी स्वतः येऊन बोलली तरच नोंद होईल. आला घेऊन तळमजल्यावरच्या ऑफिसात, गणराज पण तिथंच बसलेला. दंड असा धरलेला की म्हातारी पळून जाईल जशी.

"तू बाहेर बस," मी म्हटलं.

"का? आईचं माझ्यापासून काय लपलंय?"

"बाहेर!"

गेला. काकी खुर्चीच्या टोकावर बसली. वाळली होती.

"सही तुझीच?"

"माझीच."

"मनापासून?"

"तुका, भाकर त्याच्या घरात खायची हाय मना. तू कागद ठेवून घे."

"काकी, न्हाय म्हन. मी हाय ना."

"तू हायेस रे. तवा पन होतास."

एवढा मोठा आवाज, कुठं गेला कुणास ठाऊक.

काकी उठली. दारापाशी थांबली.

"यो कागद तरी ग्रुपवर टाकू नका. अमिषाला माझ्या तोंडून कलू दे."

मी गणराजचा मोबाईल घेतला आणि कागदासकट कपाटात टाकून कुलूप लावलं.

काकी भिंतीला हात लावत आपल्या दाराकडं गेली. अमिषानं दार उघडलं, काकीचा हात धरून आत घेतली. प्रज्योत लगबगीनं मागं निघाला. मी त्याच्या आडवा उभा राहिलो.

"सरका काका, माझी आई हाय ती."

"हाय ना. आतलं बोलणं त्या दोघींचं हाय. तू इथंच थांब."

दार आतून लागलं. मी त्या दाराकडं पाठ करून उभा राहिलो.