हिरव्या मखमलीवरचे केस

“एका मांजरीला दोन वाट्या कशाला लागतात, म्हणतो मी...”

वाटी स्टीलची, बुडाला पोचा आलेली, काठावर माशाचा एकच खवला चिकटून वाळलेला – आणि ती नळाखाली धरून नवरा स्वतःशीच पुटपुटत होता, म्हणजे स्वतःशीच असं आपलं त्याला वाटत होतं; त्याची पाठ आणि तिची पाठ यांच्यात त्या स्वयंपाकघरात इतकीच जागा होती की एकानं श्वास घ्यायचा तर दुसऱ्यानं सोडावा. खवला नखानं निघेना, तेव्हा त्यानं घासणी उचलली, आणि तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं... घास, घास. तेवढंच राहिलंय. तेही घासून टाक.

तिनं ओल्या हातानंच वाटी त्याच्या हातातून काढून घेतली, खवल्यासकट, आणि खाली फ्रिजच्या कडेला दुसऱ्या वाटीशेजारी ठेवली. नेहमीच्या जागी.

“अगं, धुतो ना!”

“खूप धुतलंत तुम्ही.”

त्यानं घासणी खाली ठेवली. छापखान्याला सुट्टी असली की हा माणूस घर साफ करायला घेतो, आणि बायका तिला म्हणतात, काय नशीब काढलंस गं! नशीब. शुक्रवारी सकाळी ती अजून अंथरुणात होती, सुतळी ही मांजर तिच्या आईच्या खोलीत दार लावून कोंडलेली – रात्री पडदे ओरबाडते म्हणून – आणि ढब्बू, पिवळा बोका, शिलाई मशीनखाली, कातरणाच्या ढिगात, त्याच्या नेहमीच्या खड्ड्यात, आखडून पडलेला होता. हे सगळं तिला नंतर कळलं. ती उठेपर्यंत ढब्बू एका गोणपाटात गुंडाळला जाऊन कुठे तरी पुरलाही गेला होता, त्याची गोधडी दोरीवर टपटपत होती, टोपली उन्हात पालथी, कातरणाचा अख्खा ढीग कचऱ्याच्या गाडीत आणि फरशीला फिनेलचा असा वास की डोळे झोंबावेत. नवरा दारात उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पोछा. “गेला गं बिचारा,” म्हणाला. “तुला त्रास नको म्हणून सगळं उरकून घेतलं.”

उरकून घेतलं! जणू भांडी होती.

आणि त्याचे डोळे लाल होते. ढब्बूला लहानपणी खिशात घालून आणणारा तोच, त्याच्या फुगलेल्या पोटाला ‘शेठजी’ म्हणून नमस्कार करणारा तोच. मायेनंच केलं सगळं, हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच संताप जास्त होता – वाईट माणसावर चिडणं सोपं असतं, चिडलं की मोकळं होता येतं. या माणसावर चिडायचं म्हणजे ओल्या काडीनं चूल पेटवायची.

सुतळी फ्रिजवर बसली होती. मुळात नावासारखीच, करडी आणि बारीक, पण आता पाठीचा कणा मण्यांसारखा मोजता यावा इतकी. खाली ढब्बूची वाटी, तिची वाटी. ती दोन्हींकडे बघायची आणि दोन्हीतलं काही खायची नाही. ढब्बू आधी तोंड घालायचा, मग ती. ढब्बूनं हुंगून मान्य केल्याशिवाय तिनं जन्मात कधी घास घेतला नव्हता – पिल्लू असताना ती या घरात आली तेव्हापासून तिचं सगळं जगच तो बोका आधी चाखून द्यायचा. आता कोण चाखणार? दिवसभर ती घरभर फिरे, मशीनखालच्या त्या धुतलेल्या, चकचकीत, मेल्या कोपऱ्यासमोर उभी राही आणि मशीनला हाक मारी. मशीनला!

आणि आतून, खिडकीजवळच्या खुर्चीतून, आईचा आवाज येई.

“येईल हं, येईल. गेलाय जरा बाहेर.”

तोच सूर. ‘येईल’वर किंचित वर जाणारा आणि ‘हं’वर अलगद खाली येऊन बसणारा. हा सूर ऐकला की तिच्या मानेमागचे केस उभे राहत, मांजरासारखेच.

काल जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती, हातावर ओरखडेच ओरखडे, बोलायला एकदम सरळ. तिनं सुतळीच्या हिरड्या पाहिल्या, कानाच्या आत पाहिलं आणि विचारलं, “तो गेल्यावर हिला बघू दिलं होतं? हुंगू दिलं होतं?”

नवरा भिंतीवरचा जंतांच्या औषधाचा तक्ता वाचायला लागला.

“बरं, त्याच्या वासाचं काही ठेवलंय? गोधडी, टोपली?”

तक्ता फारच वाचनीय असावा.

“असू दे,” डॉक्टरीण म्हणाली, पण ते ‘असू दे’ असं होतं की त्यापेक्षा शिवी परवडली. “वेळच्या वेळी खायला ठेवा, मासा कोमट करून, वास सुटेल असा. जवळ बसा. बळजबरी नको. आणि बदली म्हणून लगेच नवीन पिल्लू आणू नका, लोक आणतात. मात्र उद्या संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर घेऊन या, सलाइन लावू. मांजराला उपास झेपत नाही. लिव्हरवर येतं, मग हातात काही राहत नाही.”

ते ‘उद्या’ म्हणजे आज. ऊन आता मशीनच्या चाकावर आलं होतं, म्हणजे दुपार टळली होती.

तिनं मासा पुन्हा कोमट केला. बोटावर घेऊन फ्रिजपर्यंत हात उंच केला. सुतळीनं बोटाकडे पाहिलं, मग बोटाच्या मागे पाहिलं, खांद्याच्या मागे, दाराकडे... आणि तोंड फिरवलं. तिनं खुर्ची ओढली, शेजारी बसली. जवळ बसा. बसले बाई. आणखी काय करू? तुझ्यासाठी बोका होऊ?

मशीनवर बसावं म्हटलं, बसली. सोफ्याची खोळ होती, लांब सरळ शिलाई, पाय आपोआप चालतात आणि डोकं मोकाट सुटतं, म्हणून तर लांब शिलाईची तिला भीती वाटे. फिनेल अजून येत होतं फरशीतून. फिनेल... तेव्हाही, ती लहान असताना, फिनेलच होतं. शेजारच्या काकूंनी तिला रात्रीपुरती नेली होती, ताईला ताप आहे म्हणून, आणि सकाळी परत आणली तेव्हा सगळं घर ओलं होतं, पाय घसरत होते, ताईच्या कॉटवर चादर अशी ताणून बसवलेली की जणू तिच्यावर कधी कुणी झोपलंच नव्हतं. ताईचे फ्रॉक नव्हते. चपला नव्हत्या. आरशाखालचा तांबडा कंगवा नव्हता, ज्याच्या दातांत ताईचे लांब केस अडकलेले असत आणि त्यावरून दोघींची रोज मारामारी व्हायची – शी, तुझे केस काढ आधी! – बाबा ओट्याशी पाठ करून उभे आणि आई म्हणाली, मावशीकडे गेलीय.

कधी येईल?

येईल हं, येईल.

मी खिडकीत बसायचे. बिस्किटाचा अर्धा तुकडा ताईसाठी, खिडकीच्या चौकटीत. मुंग्या न्यायच्या, मी दुसरा ठेवायचे. कंगवा मात्र शोधला, सगळीकडे, माळ्यावरसुद्धा, कारण मावशीकडे जाताना कंगवा कशाला न्यायचा, मावशीकडे कंगवे नसतात का?... मग कधी तरी विचारणं थांबलं. कुणी सांगितलं नाही. पाऊस पडून गेलाय हे जसं कळतं, जमिनीकडे बघून, तसं कळलं. मावशी आली, एकटी, आणि तिच्याकडे बघून मी काहीच विचारलं नाही, आणि सगळ्यांनी किती सुटकेचा श्वास टाकला ते मला दिसलं. शहाणी मुलगी. तेव्हापासून या घरात ‘ते वर्ष’ असतं, ‘तेव्हा’ असतं, ‘थोरलीच्या वेळी’ असतं. बाबाही गेले तसेच मूग गिळून. आणि आई अजून मला हाक मारते ‘छोटे’. पन्नाशी उलटली, चाळीशीचा चष्मा दोनदा बदलला, आणि छोटी. कुणापेक्षा छोटी?

सुई बोटाजवळून गेली. तिनं पाय उचलला.

दाराची घंटा वाजली ती तिला बरीच वाटली. उशांच्या खोळी शिवायला टाकलेली वरच्या मजल्यावरची बाई, गळ्यात चष्मा, तोंडात घाई. “झाली का हो माझी मखमल? चार झाल्या, पाचवी राहिली होती.”

“झालीय,” ती म्हणाली. झालीच होती, गुरुवारीच. फक्त ब्रश फिरवायचा राहिला होता. वरच्या फळीवरून पिशवी ओढली, आतून खोळ काढली, गडद हिरवी, कडेला पायपिंग, उजेडात झटकायला म्हणून दोन्ही हातांत धरली –

पिवळे केस.

गुरुवारची सगळी दुपार तो हिच्यावर झोपला होता. तिनं ‘ऊठ रे शेठ, गिऱ्हाइकाचा माल आहे’ म्हणून दोनदा हाकललं होतं आणि दोनदा तो परत येऊन वेटोळं घालून बसला होता. शेवटी कंटाळून तिनं खोळ त्याच्या खालून ओढून पिशवीत कोंबली होती, उद्या ब्रश मारू म्हणून. उद्या शुक्रवार होता. मखमलीच्या लवेत केस असे रुतलेले, आणि मधोमध गोल, दाबला गेलेला, वेगळ्याच हिरव्याचा, त्याच्या अंगाएवढा डाग. तिनं नकळत नाक खाली नेलं. धूळ, ऊन, मासा. ढब्बू.

“द्या की,” बाई म्हणाली.

“नाही झाली.”

“आता तर म्हणालात झाली! ही काय, चेनसुद्धा लावलीय.”

“नाही झाली अजून.”

“अहो, पाहुणे यायचेत संध्याकाळी. चार उशा हिरव्या आणि एक उघडीनागडी ठेवू?”

“पाहुण्यांना चारांवर बसवा.”

बाईनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू नीट दिसलं तर नीट समजेल. “तुम्ही अशा नव्हतात हो.”

“मी अशीच होते,” ती म्हणाली, आणि दार लावलं.

नवरा पॅसेजमध्ये उभा. “अगं, गिऱ्हाईक तोडलंस? केसच ना? चिकटपट्टी लावून मी आत्ता –”

“हात लावाल तर बघा.”

इतक्या हळू म्हणाली ती, की तो खरंच एक पाऊल मागे गेला. मग त्याला दिसलं तिच्या हातात काय आहे ते. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला तिला नको होतं. बघितलं असतं तर राग विझला असता, आणि रागाशिवाय तिच्याकडे आत्ता उभं राहायला दुसरं काही नव्हतं.

मशीनखालच्या त्या कोपऱ्यात तिनं खोळ पसरली, डाग वर करून. दोन्ही वाट्या आणल्या. बाजूला फरशीवरच बसली.

सुतळी फ्रिजवरून उतरली. उतरली म्हणजे ओघळली. तिरकी तिरकी, भिंतीच्या आधारानं आली, एक पंजा मखमलीवर टेकवला आणि जणू चटका बसला तसा उचलला. मग नाक. काठावरून आत, आत, डागाच्या मध्यापर्यंत, तोंड अर्धवट उघडून, जिभेवर वास घेत. मग ती पुढच्या पंजांनी ते कापड तिंबायला लागली, एकदा डावा, एकदा उजवा, पिल्लं आईच्या पोटाशी करतात तसं, आणि तिंबता तिंबता तिनं मान वर करून जो आवाज काढला तो मांजराचा नव्हता, तो कुठल्याच जनावराचा नव्हता. लांबच लांब, तळातून ओढून काढलेला, थांबेचना.

खिडकीजवळची खुर्ची करकरली.

“येईल हं,” आई म्हणाली. “येई –”

“आई, बास!”

ती ओरडली होती. घरात या आवाजात कुणी कधी बोललं नव्हतं. ओट्यावरचा चमचासुद्धा निनादला असावा. “बास कर. सांगू नकोस तिला. कुणालाच सांगू नकोस. तुला कल्पना आहे, रोज खिडकीत बसायचं म्हणजे...”  

नवरा पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि कुणाला द्यावा ते न कळून तसाच धरून उभा राहिला.

आई खुर्चीतून उठली. तिला उठायला वेळ लागे, आणि हात दिलेला खपत नसे. भिंत, कपाट, मशीनचं चाक असं धरत धरत ती कोपऱ्यापर्यंत आली, चाकावर भार टाकून एकेक गुडघा दुमडला आणि बसली खाली, त्या फिनेलच्या फरशीवर, मांजरीच्या समोर. सुतळी ओरडतच होती. आईनं तिच्या वाटीतला मासा बोटांनी कुस्करला, अगदी बारीक, आणि मग ते बोट आधी स्वतःच्या तोंडात घातलं. चाखलं. मग पुढे केलं.

“नाही येणार तो,” आई म्हणाली. सूर नव्हता. वर जाणं नाही, खाली येणं नाही. “मेला तो, बाळा. शुक्रवारी मेला. वाट नको बघू.”

मांजरीचा आवाज तुटला. सुतळी त्या बोटाकडे बघत राहिली. मागे कुणाकडे नाही; बोटाकडे. हुंगलं. जीभ बाहेर आली, टेकली, आत गेली. पुन्हा आली की नाही ते लेकीला दिसलं नाही, कारण तोंड मांजरीकडेच असलं तरी आई आता लेकीशी बोलत होती.

“थोरली मावशीकडे नव्हती गेली, छोटे. मेली होती ती. त्याच रात्री, माझ्या मांडीवर.”

किती वर्षं हे वाक्य आईच्या तोंडून ओरबाडून काढायचं तिनं ठरवलं होतं, आणि काढल्यावर काय काय सुनवायचं तेही लांब शिलायांवर बसून बसून टाक्याटाक्यानं तयार केलं होतं. सगळं पाठ होतं. राग होता अजून, होता तसाच होता, पण तो आता कुणाकडे तोंड करून उभा आहे तेच कळेना. एखाद्यानं जोर लावून ढकलायला जावं आणि दार आधीच उघडं असावं, तसं काहीसं... तिनं तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही अक्षर आलं नाही.

“तिचा कंगवा,” ती म्हणाली, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पण फार फार जुना, खिडकीच्या चौकटीपर्यंतही न पोचणारा. “तिचा कंगवा कुठे ठेवलास?”